हात वर कर, ललित

माझा आवाज मोठा आहे. तो मी मुद्दाम मोठा केलेला नाही. मखमलाबादला आमचा झेंडूचा आणि भाजीचा मळा. गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारात आईशेजारी बसून मी सात वर्षांची असल्यापासून झेंडू विकलाय, आणि तिथे हळू बोललं तर माल घरी परत येतो. पण तोच आवाज घरात निघाला की आई, नवसाबाई, म्हणायची, "मैने, बाजार बाजारात ठेवून येत जा. पोरीच्या जातीला एवढा गळा बरा नाय." बाजारात ओरड म्हणून तीच सांगायची आणि घरात गप्प बस म्हणूनही तीच. मी दोन्हीकडे ओरडायचे.

शहाण्णव साली कॉलेजात गेले आणि या आवाजाला पहिल्यांदा इज्जतीचं काम मिळालं. बोट क्लबात नाव घालायला गेले, तर जिमखान्याचे सर माझ्याकडे वरून खाली बघत म्हणाले, "तू वल्हं उचलणार की वल्हं तुला?" पोरं खदाखदा हसली. माझं वजन तेव्हा एकोणचाळीस किलो. मी इतक्या जोरात "हसायला काय झालं?" म्हटलं की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. सरांनी कानात बोट घातलं आणि वहीत माझ्या नावापुढे लिहिलं, कॉक्स.

ज्यांनी बोटीची शर्यत पाहिली नाही त्यांना सांगते. आमची बोट चौघींची. चौघी वल्हवतात, पण त्यांची पाठ पुढे आणि तोंड मागे असतं. आपण कुठे चाललोय ते त्यांना दिसतच नाही. पाचवी कॉक्स. ती मागच्या टोकाला तोंड पुढे करून बसते, सुकाणूच्या दोऱ्या धरते आणि ओरडते. बोटीत डोळे एकटीलाच. बाकीच्या तिच्या शब्दावर विश्वास ठेवून अंग मोडून घेतात.

विद्यापीठाच्या नाशिक विभागातल्या कॉलेजांची शर्यत दर फेब्रुवारीत बंधाऱ्याच्या वरच्या पाण्यात व्हायची. चार दिवस, रोज सकाळी एकदा, वरच्या पुलापासून देवळाच्या घाटापर्यंत. नदी तिथे अरुंद. पाच बोटी शेजारीशेजारी मावत नाहीत, म्हणून सैन्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी फार पूर्वी युक्ती काढली होती. बोटी एकामागे एक उभ्या करायच्या, मध्ये सारखं अंतर ठेवायचं, भोंगा झाला की प्रत्येकीनं पुढचीला गाठायचं. आपल्या बोटीच्या टोकाचा रबरी चेंडू पुढचीच्या शेपटीला लागला की टक्कर झाली. दोघी बाजूला होऊन थांबतात आणि दुसऱ्या दिवशी जागांची अदलाबदल होते. चौथ्या दिवशी ज्या जागेवर संपवाल, त्याच जागेवरून पुढच्या वर्षी सुरुवात.

आणि टक्कर झाली हे कोण सांगणार? पंच नाही. ज्या बोटीला लागली तिच्या कॉक्सनं हात वर करायचा. सुभेदारांचं म्हणणं एवढंच होतं की ज्याला लागतं त्याला कळतं. ते वारले, तरी हा नियम कुणी बदलला नव्हता. बदलायची गरजच पडली नव्हती. लागली की हात वर जायचा.

मुलींची बोट पाचवी होती. मी यायच्या आधी चार वर्षं पाचवी, मी आल्यावर पहिल्या वर्षीही पाचवी. शेवटच्या दिवशी ज्यांनी जागा वर नेली त्यांच्या बोटीला झेंडूचा हार घालायची पद्धत होती आणि ती फुलं आमच्याच मळ्यातून यायची. माझे वडील, गोटीराम, सायकलीवर पाटी बांधून घाटावर आणून द्यायचे. पहिल्या वर्षी मी आमची फुलं दुसऱ्यांच्या बोटींवर बघितली. मला आनंद होत नव्हता. मी खोटं कशाला सांगू?

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत सरांनी आम्हाला शेडमध्ये बोलावलं.

"हे बघा मुलींनो," ते म्हणाले, "कमिटीचं ठरलंय. मुलींची बोट या वर्षीही पाचवीच राहिली, तर पुढच्या वर्षीपासून ती बंद. तुमच्या जागी मुलांची आणखी एक टीम उतरवू. तुम्हाला वाटल्यास उद्घाटनाला एक चक्कर मारा. प्रदर्शन म्हणून."

"प्रदर्शन?" मी म्हटलं.

"आवाज खाली, मैना."

आमची शुभांगी पहिलं वल्हं मारायची, म्हणजे तिच्या तालावर बाकीच्या तिघी. घोटीची मुलगी, चिखलात भात लावून पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. ती बाहेर येऊन म्हणाली, "पहाटे साडेपाचला. रोज." हॉस्टेलवर राहणारी पेठची साधना पाचलाच येऊन बसायची. उज्वला आणि तिची चुलत बहीण पंचवटीहून सायकलनं यायच्या. महिनाभर आम्ही थंडीत हातांची सालं काढून घेतली. मी बोटीत बसून बसून काकडायचे आणि ओरडून ओरडून गरम व्हायचे.

आमच्या पुढे, चौथ्या नंबरवर, आमच्याच कॉलेजच्या मुलांची दुसरी बोट होती. तिचा कॉक्स ललित. नाशिक रोडचा, वडील प्रेसमध्ये नोकरीला, इस्त्रीचा शर्ट, नम्र बोलणं. वाईट मुलगा नव्हता. पण शर्यतीआधी कँटीनमध्ये कुणीतरी त्याला म्हणालं होतं, "पोरींनी गाठलं तर बांगड्या आम्ही आणून देऊ," आणि तो हसला होता. ते हसणं घाबरलेल्या माणसाचं होतं. मला तेव्हा ते कळलं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही वीतभर कमी पडलो. घाट आला आणि संपलं.

दुसऱ्या दिवशी मात्र निम्म्या वाटेतच मी त्यांना गाठलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मला ललितची पाठ दिसत होती, कारण त्याचं तोंड पुढे. पण त्याच्या बोटीतली चार पोरं वल्हवत होती, म्हणजे त्यांची तोंडं माझ्याकडे. आमची बोट अंगावर येताना त्या चौघांना इंच न् इंच दिसत होती. त्यांच्यातला पहिला वाल्मीक, माझ्याच वर्गातला. त्याचे डोळे मोठे झालेले मी पाहिले. मग ठप्प झालं. चेंडू त्यांच्या शेपटीला लागला. हादरा माझ्या कमरेपर्यंत आला.

"थांबा!" मी ओरडले. "लागली! वल्ही टेका!"

आमच्या चौघी वल्ह्यांवर ओणव्या झाल्या. शुभांगी हसत होती आणि रडत होती. मी ललितच्या हाताकडे बघत राहिले. हात दोरीवरच होता. त्यांची बोट पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि घाटावर जाऊन टेकली.

शर्यतीमागून येणाऱ्या मोटरबोटीतून सर आले. ललित खाली बघत म्हणाला, "मला जाणवलं नाही, सर."

"कॉक्सचा हात वर गेला नाही," सर म्हणाले. "म्हणजे टक्कर नाही."

"त्या चौघांना विचारा ना! त्यांची तोंडं आमच्याकडे होती!"

सरांनी विचारलं नाही. ती चौघं बुटांच्या नाड्या बांधत होती. एवढा वेळ नाड्या बांधायला कुणाला लागतो?

संध्याकाळी घरी मी भाकरीला हात लावला नाही. आईनं विचारलं, मी सगळं सांगितलं. ती माळा ओवत होती. सुई थांबवून म्हणाली, "उद्या पूजा हाय ना बोटींची?" तिसऱ्या दिवशी सगळ्या बोटींना हळदकुंकू वाहून नारळ फोडायचा रिवाज होता. मी हो म्हटलं. आईनं वाटीभर हळद तेलात कालवली, चांगली घट्ट. "तुझ्या बोटीच्या नाकाला लाव. बोटानं नाय, तळहातानं. देवाचं हाय, कोण नाय म्हननार?"

मी तळहातानं लावली. चेंडू लाडवासारखा पिवळा झाला. त्या दिवशी पुन्हा तसंच. पुन्हा ठप्प, पुन्हा वाल्मीकचे डोळे. आणि मी पुन्हा "थांबा" म्हटलं, कारण नियम तो आहे आणि मला वाटलं होतं, दोनदा कोणी खोटं बोलत नाही. मी मूर्ख होते. हात काही वर गेला नाही.

घाटावर त्यांची बोट बाहेर काढली तेव्हा पांढऱ्या शेपटीवर हळदीचा ठसा उमटलेला होता, दिवाळीच्या पणतीएवढा. मी बोट दाखवलं. सरांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "पूजेच्या वेळी लागलं असेल."

हे घरी सांगितलं तेव्हा आई पदराआड हसायला लागली. "पूजा तोंडाची करत्यात गं," ती म्हणाली, "ढुंगनाची कोन करतं?"

मला हसू आलं नाही. उद्या चौथा दिवस, शेवटचा. उद्या हात वर गेला नाही तर बोट गेली. माझी एकटीची नाही. साधना सांगायची, तिच्या पाड्यावरच्या दोन पोरी कॉलेजात येणार होत्या, फक्त तिनं बोटीच्या गोष्टी सांगितल्या म्हणून.

त्या संध्याकाळीच मी वाल्मीकला सायकल स्टँडवर अडवलं होतं.

"तुला दिसलं ना?"

"दिसलं," तो म्हणाला.

"दोन्ही दिवस?"

"दोन्ही दिवस. पण कॉक्स तो आहे, मैना. आम्ही काय बोलणार?"

"डोळे तर तुझे आहेत ना?"

सायकल काढताना त्याच्या हातातून किल्ली दोनदा पडली.

चौथ्या दिवशी पुलाखाली बोटी उभ्या असताना मी चौघींना सांगितलं, "आज मी थांबा म्हणणार नाही. लागली तरी मारत राहायचं. हात वर जाईपर्यंत मारायचं."

"नियमात बसतं का?" उज्वलानं विचारलं.

"टक्कर झाली की थांबायचं, हा नियम. आणि सर म्हणतात हात वर गेल्याशिवाय टक्कर होत नाही. मग थांबायचं कशाला?"

शुभांगीनं वल्ह्यावर थुंकून मूठ आवळली. भोंगा झाला.

तिसऱ्या मिनिटाला पहिली लागली. आमच्याकडे माप मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. बाजारात हजार वेळा म्हटलेला शब्द माझ्या तोंडातून आपोआप निघाला.

"लाभ!"

काठावर कपडे धुणाऱ्या बायकांनी वर पाहिलं. ललितची बोट हेलकावून वाकडी झाली, सावरली, सुटली. आमच्या पोरी वाकल्या आणि पुन्हा गाठलं.

"दोन! हात वर कर, ललित!"

त्याची मान ताठ झाली. मागे बघणार नाही असं त्यानं ठरवलेलं दिसत होतं.

"तीन!"

आता काठावरनं कुणीतरी माझ्याबरोबर म्हणालं. कॉलेजची पोरं काठानं पळायला लागली होती. मळ्यातली माणसं पंप सोडून आली होती. चौथीला तर एका म्हातारीनं कपड्यांचं धोपटणं वर करून दगडावर हाणलं. "चार!" म्हणणारे पन्नासएक तरी असतील. मोटरबोटीतून सर काहीतरी ओरडत होते, पण माझ्यासमोर त्यांचा काय निभाव लागणार?

"पाच! हात वर कर!"

"सहा," म्हणायला गेले आणि आवाजच फुटला नाही. नुसती हवा आली. महिनाभर वापरलेला गळा ऐन वेळी बसला. बोटीत पाय रोवलेली साधना धापा टाकत विचारत होती, "लागली का? मैना, लागली का गं?" त्यांना दिसत नव्हतं. त्यांना फक्त माझा आवाज होता आणि तो गेला होता. आयुष्यात मी एवढी कधी घाबरले नाही.

तेवढ्यात घाटाच्या बाजूनं आवाज आला.

"सहा!"

बाजारात शेवटच्या पाटीला लावतात तसा आवाज. घाटाच्या खालच्या पायरीवर, फुलांची पाटी डोक्यावर, माझी आई उभी होती. शेवटच्या दिवसाच्या हाराची फुलं त्या वर्षी ती स्वतः घेऊन आली होती. पोरीच्या जातीला एवढा गळा बरा नाही म्हणणारी बाई शेकडो माणसांत कंठ फोडून ओरडत होती.

"लागली गं पोरींनो! हाना! सहा झाल्या!"

आणि पोरींनी हाणलं.

"सात!" आख्खा काठ म्हणाला.

वाल्मीकनं वल्हं सोडलं. मी ते स्पष्ट पाहिलं. त्यानं ललितकडे पाहून ओठ हलवले, नंतर माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःचा हात वर केला. त्याच्या मागच्यानं केला. मग तिसऱ्यानं. मग चौथ्यानं. पाण्यावर वल्ही तशीच पसरली आणि त्यांची बोट जागच्या जागी थांबली.

मोटरबोट जवळ आली. सर म्हणाले, "कॉक्सचा हात पाहिजे. ह्यांचा चालत नाही." मग आम्हाला म्हणाले, "तुम्ही पुढे निघा. त्यांची बोट थांबली आहे. बाजूनं काढा आणि रेस संपवा. मी बघतो काय करायचं ते."

मी मान हलवली. आवाज नव्हता, पण मान होती. शुभांगीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिनं वल्हं आडवं टाकलं. "आम्ही नाय जाणार, सर," ती म्हणाली. "बाजूनं काढायला आम्ही चोर हाये का? आम्हाला हात पाहिजे."

ललित चार दिवसांत पहिल्यांदा मागे वळला. आमची बोट, तिचं पिवळं नाक, आणि मी. मी काहीच बोलू शकत नव्हते. नुसती त्याच्याकडे बघत होते. त्याचे डोळे भरले होते. मला त्याची दया आली नाही. आज आली तर आली, त्या दिवशी नाही.

त्यानं हात वर केला. आधी कोपरापर्यंत आणि मग सरळ, पूर्ण.

आईनं हार आमच्या बोटीला स्वतः घातला. घालताना मला म्हणाली, "आता बोल की काहीतरी." मला बोलता येईना. दोन आठवडे येईना. बाजारात माझ्या जागी तीच ओरडली आणि माल रोज संपला. घरात कुणी मला गप्प बस म्हटलं नाही, त्यानंतर कधीच.

कमिटीनं मुलींची बोट ठेवली. आपण होऊन नाही. शेडमधल्या फळ्यावर चौथ्या नंबरच्या खिळ्यावर आमच्या नावाची पाटी लटकत होती आणि ती काढायची कुणाची छाती होईना. शेवटच्या वर्षाला मी पुन्हा कॉक्स होते. मागे ललितची बोट, पुढे तीन.

पहिल्याच दिवशी वळणावर, जिथे झाडीमुळे मोटरबोटीतनं काही दिसत नाही आणि काठावरही कुणी नसतं, मला पाठीमागे हलकासा धक्का जाणवला. वल्ह्याचं पाणी उडावं एवढाच. साधना, जिचं तोंड मागे होतं, तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला दिसलं होतं. तिनं ओठ घट्ट मिटले. मी ठरवीन ते ती मानणार होती.

मी हात वर केला. सरळ, पूर्ण. एवढंच तर करायचं असतं.

घाटावर आई चिडली. "कुनी बघितलं नव्हतं म्हनत्यात. का गं केलास?"

"मला लागली होती," मी म्हटलं, आणि चांगलं मोठ्यानं म्हटलं. सर पलीकडेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमची जागा परत घेतली. एकाच टकरीत. लाभ म्हणायच्या आत ललितचा हात वर होता.